गाडी स्लोवर थरथरते? पार्ट घेण्याआधी तपासणी घ्या

कापडाचे गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून बाजाराला जाण्याचे दिवस आता मागे पडले. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड असे बाजार करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे आज पेट्रोलवर चालणारी एखादी जुनी व्हॅन असते. दुकानाइतकीच तीही रोजीची वस्तू आहे. ती बिघडली की बाजार बुडतो, आणि का बिघडली हे न कळता दुरुस्ती केली की पैसाही बुडतो. आमचे दोन्ही बुडाले. म्हणून हा लेख.

मागे एका ईदच्या आधीच्या बाजारासाठी आम्ही पहाटेच माल भरून दिग्रसला निघालो. रस्त्यावर गाडी ठीक चालत होती. पण वेग कमी करून पाय रेसवरून काढला की इंजिन थरथरू लागे. गिअर न्यूट्रल केला की सीटखालून धडधड जाणवे आणि पुन्हा रेस देताना गाडी क्षणभर अडखळे. दारव्ह्याच्या अलीकडे ती दोनदा बंद पडली. परत फिरावे लागले. ईदच्या आधीचा बाजार हुकणे म्हणजे काय, हे कापडवाल्याला सांगण्याची गरज नाही.

आदल्या संध्याकाळीच टाकी भरली होती. त्यामुळे राग थेट पेट्रोलवर गेला. परतताना आम्ही त्या पंपावर गाडी उभी केली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मालकाला नको ते बोललो. नंतर गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने प्लग बदलले. फरक पडला नाही म्हणून एक कॉइल बदलली. तरीही फरक नाही म्हणून इंजेक्टर साफ केले. साडेपाच हजार रुपये गेले आणि धडधड तशीच राहिली. मग तो म्हणाला, "चाचा, आता पेट्रोल पंपच बदलून बघू." टाकीतला पंप म्हणजे आणखी काही हजार. तिथे मात्र आम्ही थांबलो आणि एका जुन्या उस्तादांकडे गेलो.

उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. पहिला प्रश्न केला, "सेठ, जुने प्लग कुठे आहेत?" जुना माल फेकायचा नाही ही दुकानदाराची सवय असल्याने ते डॅशबोर्डच्या खणातच होते, आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे त्या मुलाने खडूने लिहूनही ठेवले होते. तीन प्लगांची टोके बदामी रंगाची होती. चौथ्याचे टोक पांढरेफटक होते. उस्ताद म्हणाले, "तीन जण पोटभर जेवतात, चौथा उपाशी आहे. पंप खराब असता तर चौघेही उपाशी असते."

ही एक गोष्ट पाच दिवस आमच्याच खणात पडून होती. कोणी पाहिली नाही.

लीन म्हणजे काय

पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते. आपल्या मापात सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हवा याहून जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडले, तर मिश्रणाला मिस्त्री लोक 'लीन' म्हणतात. उलट झाले तर 'रिच'. रिच गाडी काळा धूर सोडते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काजळतो. लीन गाडी धूर सोडत नाही, म्हणून तिचा रोग लवकर लक्षात येत नाही.

लीन मिश्रण ठिणगी पडूनही कधी पेटते, कधी पेटत नाही. जिथे पेटत नाही तिथे इंजिनाचा एक ठोका चुकतो. यालाच आपण 'मिसिंग' म्हणतो. वेगात ते झाकले जाते, स्लोवर जाणवते. अशी गाडी महिनोन्महिने ओढली तर चढावर आणि भरलेल्या मालासह इंजिन जास्त तापते, व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. तो खर्च मग हजारात मोजावा लागतो.

खरोखर लीन आहे की तसे भासते?

नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो पाहतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. मिश्रण फार लीन वाटले की डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो आणि स्कॅनरवर 'पी ०१७१' हा कोड येतो. कोड आला म्हणजे पार्टचे नाव कळले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. "मला ऑक्सिजन जास्त दिसतो", एवढेच सेन्सर सांगतो. तो ऑक्सिजन कोठून आला, हे माणसानेच शोधायचे असते.

दोन ठिकाणी तो फसतो. पहिले, प्लग किंवा कॉइल खराब असून एखादे सिलिंडर पेटतच नसेल, तर त्याची सगळी हवा न जळता बाहेर पडते आणि सेन्सर 'लीन' म्हणतो. दुसरे, सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तेव्हाही तो 'लीन' म्हणतो. म्हणून प्रथम ठिणगी आणि सायलेन्सर तपासावा. इंजिन थंड असताना सुरू केल्यावर मॅनिफोल्डच्या जोडाशी 'टिक टिक' असा आवाज येतो का आणि जोडाशी काजळीची रेघ दिसते का, हे पाहावे.

कोणते सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी इंजेक्टरचे सॉकेट एकेक करून काढावे. चांगल्या सिलिंडरचे सॉकेट काढले की इंजिन आणखी बसते. आजारी सिलिंडरचे काढले तर विशेष फरक पडत नाही. पूर्वीप्रमाणे प्लगची टोपी काढून गाडी चालू ठेवू नये. त्यात झटका बसतो, कॉइल जाते आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते.

घरातला एक कागदही येथे उपयोगी पडतो. तो म्हणजे पीयूसी. त्यावर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. बीएस-४ आणि त्यापुढील पेट्रोल गाड्यांसाठी स्लोवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० ही मर्यादा आहे. सीओ अगदी कमी आणि एचसी मात्र चढलेला असेल, तर पेट्रोल जास्त नाही पण ते न जळता बाहेर पडत आहे, असा त्याचा अर्थ. मागच्या वेळचा कागद शेजारी ठेवून तुलना करावी.

हवा जास्त की पेट्रोल कमी?

सगळ्या तपासणीचे मर्म या एका प्रश्नात आहे. याचे उत्तर स्कॅनरवरच्या 'फ्युएल ट्रिम' या आकड्यावरून बऱ्याच वेळा मिळते. कॉम्प्युटरला आपला मुनीम समजा. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त द्यावे लागले, ते तो अधिक चिन्हाने लिहून ठेवतो. शून्याच्या आसपास, चार-पाच टक्के इकडेतिकडे असेल तर चिंता नाही. अधिक दहाच्या वर सतत राहिला तर गाडी पेट्रोल मागत आहे असे समजावे.

हा आकडा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोनदा लिहावा. एकदा स्लोवर आणि एकदा २५०० आरपीएमवर रेस धरून.

स्लोवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर लहान झाला, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे. याचा हिशेब कापडासारखाच आहे. दहा मीटरच्या तुकड्यात एक मीटर कमी भरले तर दहा टक्के नुकसान; तेच शंभर मीटरच्या ताग्यात एक टक्का. १२०० सीसीचे इंजिन ८०० आरपीएमवर ढोबळमानाने मिनिटाला दीडशे लिटर हवा ओढते. चिरेतून वीस लिटर जास्त गेली तर ती तेरा टक्के झाली. २५०० आरपीएमवर तेच इंजिन सहाशेच्या आसपास हवा ओढते. तिथे तीच वीस लिटर फार तर तीन टक्के होते. चीर तेवढीच, पण हिशेबात तिची किंमत घटते.

उलट स्लोवर आकडा ठीक आणि रेस दिल्यावर किंवा चढावर वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडते आहे. थोडे लागते तेव्हा पुरते, जास्त लागते तेव्हा पुरत नाही. मग फिल्टर आणि पंप यांच्याकडे वळावे.

आमच्या गाडीत स्लोवर अधिक १७ आणि २५०० वर अधिक ४ असा आकडा आला. पंप त्याच क्षणी निर्दोष सुटला. टाकीतलाही, आणि ज्याच्या मालकाला आम्ही बोललो होतो तोही.

हवा कोठून शिरते

थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, इन्टेक मॅनिफोल्डमध्ये ओढ असते. तिथले कोणतेही छिद्र हवा आत घेते. तपासण्याच्या जागा अशा आहेत: ब्रेक बूस्टरकडे जाणारा जाड पाइप, इंजिनाची वाफ परत नेणारा पीसीव्ही पाइप, पेट्रोलच्या टाकीची वाफ आणणारा पर्ज व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीखालचे पॅकिंग, इंजेक्टरच्या रबरी रिंगा, आणि मॅनिफोल्ड व हेड यांच्यामधले पॅकिंग. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये उष्णता कोंडते, रबर कडक होऊन चिरते, आणि ती चीर नेहमी खालच्या बाजूला असते. म्हणून टॉर्चबरोबर हातात छोटा आरसा हवा. ज्यांची गाडी गोदामाजवळ उभी राहते त्यांनी उंदरांनी कुरतडलेले पाइपही पाहावेत.

प्रथम कान द्यावा. 'सूं' असा बारीक आवाज येतो. मग एकेक रबरी पाइप पकडीने अलगद दाबावा. एखादा दाबताच स्लो सुधारला तर दोष त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडे आहे. यानंतर फवाऱ्याने साधे पाणी पॅकिंगच्या जोडावर बारीक मारावे. पाणी चिरेवर बसताच क्षणभर हवा अडते आणि आवाज बदलतो. कॉइल आणि वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नये. काही जण कार्बोरेटर क्लीनर मारतात, पण तो ज्वालाग्राही आहे. तापलेल्या सायलेन्सरवर पडला तर आग लागते. पेट्रोल तर कधीच शिंपडू नये. मोठ्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन असते. ते मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडते आणि धूर जिथून बाहेर येतो तिथे चीर असते.

आमच्या गाडीत चौथ्या सिलिंडरच्या जोडावर पाणी पडताच धडधड थांबली आणि दोन श्वासांनंतर पुन्हा सुरू झाली. पॅकिंग तेवढ्याच भागात बसले होते. पॅकिंग आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झाले.

मिस्त्री बांधवांसाठी येथे एक सूचना. काही गाड्या आत येणारी हवा थेट मोजतात, तर काही मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज करतात. दाब मोजणाऱ्या गाडीत साधी गळती असेल तर कॉम्प्युटर तिलाही हिशेबात धरतो आणि लीन होण्याऐवजी स्लोच वाढतो. तिथे ट्रिम ठीक दिसला म्हणून गळती नाही असे समजू नये. स्लोवरचा मॅनिफोल्डचा दाब पाहावा. तो साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. बराच वर असेल तर शोध घ्यावा. व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे हे ध्यानात ठेवावे. यवतमाळ शहर सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे. येथे काटा दीड इंचाने खाली दिसणारच.

पेट्रोल कमी पडत असेल तर

पंप बदलण्याआधी गेज लावून दाब मोजावा आणि तो गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावा. दाब कमी असेल तर आधी फिल्टर आणि पंपाला पूर्ण बॅटरी मिळते की नाही, ते पाहावे. ढिला अर्थिंग वायरही पंपाला दुबळा करतो. दाब ठीक असेल तर इंजेक्टरकडे वळावे.

गॅस किट लावलेल्या गाडीत तपास सोपा होतो. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर थरथरत असेल तर दोष हवेचा, ठिणगीचा किंवा व्हॉल्व्हचा. फक्त पेट्रोलवर असेल तर पंप वा इंजेक्टर. फक्त गॅसवर असेल तर किट.

आपल्या कापसाच्या मुलखात एअर फिल्टर लवकर भरतो, म्हणून थरथर आली की तो बदलण्याचा सल्ला मिळतो. फिल्टर स्वच्छ असावाच; पण कोंदलेल्या फिल्टरने हवा कमी होते, जास्त नाही. लीन गाडीचा तो इलाज नव्हे.

ई-२० पेट्रोलचा दोष किती?

आज बाजारात प्रत्येक बिघाड इथेनॉलच्या माथी मारला जातो. आम्हीही मारला. वस्तुस्थिती अशी आहे. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशातील मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलला जिथे १४.७ भाग हवा लागते तिथे ई-२० ला सुमारे १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. न दिल्यास गाडी लीन होते.

कॉम्प्युटर असलेली गाडी हा फरक बहुधा स्वतःच भरून काढते. आणि भरून काढते तेव्हा ट्रिमचा आकडा स्लोवर आणि रेसवर जवळजवळ सारखाच वाढतो. खोट कापडाच्या वजनातच असेल तर तुकडा लहान असो की तागा, टक्केवारी एकच येते. स्लोवर १७ आणि रेसवर ४ असा फरक इथेनॉल करीत नाही. हे आम्हाला आधी ठाऊक असते तर एका माणसाची चारचौघांत बेअब्रू झाली नसती.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला मात्र मुनीम नाही. तिची जेट ज्या मापाची आहे तेवढेच पेट्रोल येते. तिथे ई-२० ने लीनपणा खरोखर वाढतो आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांनाही ते मानवत नाही. अशा गाडीची ओळख सोपी आहे. गरम इंजिनावर चोक थोडा ओढावा. स्लो सुधारला तर गाडी लीन आहे. मग आधी वर सांगितल्याप्रमाणे हवेची गळती तपासावी, नळ्या बदलाव्यात, आणि शेवटी मिक्श्चरचा स्क्रू फिरवावा. स्क्रू आधी फिरवला तर रोग झाकला जातो, जात नाही.

पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ देऊ नये. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोलचा संशय आला तर भांडण करू नये. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

तपासणीची मजुरी

आता व्यवहाराचे बोलू. त्या गॅरेजच्या मुलाने आम्हाला फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्याने अंदाज केला, आणि अंदाजाचे बिल आम्ही भरले. पण त्याने अंदाज का केला? कारण अर्धा तास गाडी नुसती पाहिल्याबद्दल आपण कोणी त्याला एक रुपया देत नाही. "तू केलंस काय? नुसतं बघितलंस!" असे म्हणून आपण निघून जातो. पार्ट बदलला की मात्र पैसे काढतो. मग मिस्त्री पार्टच बदलणार. ही सवय आपण गिऱ्हाइकांनीच लावली आहे.

त्या उस्तादांनी पॅकिंगचे पैसे वेगळे आणि तपासणीचे तीनशे वेगळे सांगितले. क्षणभर आम्हालाही खटकले. मग साडेपाच हजारांची आठवण झाली आणि मुकाट्याने दिले. कापड ओळखणाऱ्या नजरेची किंमत आपण जाणतो. मग इंजिन ओळखणाऱ्या कानाची का नसावी?

म्हणून व्यापारी बांधवांनी गाडी देताना तपासणीची मजुरी आधी ठरवावी, स्लो आणि रेस दोन्हींचे आकडे कागदावर मागावेत, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत घ्यावा. मिस्त्री बांधवांनी तपासल्याशिवाय पार्टचे नाव तोंडातून काढू नये आणि तपासणीचे पैसे मागताना लाजू नये. लहान गॅरेजने एक साधा स्कॅनर, एक प्रेशर गेज आणि पाण्याचा फवारा एवढे जवळ ठेवले तरी पुष्कळ आहे. ज्याच्याकडे पहिल्याच खेपेला रोग सापडतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुसदहूनही येते.

गाडी नीट झाल्यावर आम्ही पहिले काम केले ते त्या पंपावर जाण्याचे. मालकाला म्हणालो, "भाई, चूक आमची होती." तेव्हाही चार गिऱ्हाइके उभी होती. बोललो होतो चौघांसमोर, म्हणून माफीही चौघांसमोरच मागितली. त्यांनी चहा मागवला. पॅकिंग शेदोनशेचे होते. खरा तोटा हुकलेल्या बाजाराचा झाला, आणि तो घाईने केलेल्या निदानाचा होता.